पिवळी गोळी, उपाशी पोटी

भिवंडी
ता. २ ऑक्टोबर १९७७

नामादादा,

वर सगळं रीतीनं लिहिलं होतं, नमस्कार विनंती विशेष वगैरे. मंग खोडलं. चार वर्षं ज्याच्याशी एक शब्द बोललो न्हाय त्याला विनंती कसली अन् विशेष कसलं. तुझा पत्ता वडप्याच्या गोदूआत्यानं दिला. ती बोलली, नामा आता इगतपुरीला डॉक्टरच्या हाताखाली कंपाउंडर हाय, पांढरा कोट घालतो, पुड्या बांधतो. मला बरं वाटलं. तू हसशील, पण खरंच वाटलं.

मी अजून त्याच साइझिंगमध्ये. सुताला खळ लावायची, सूत गुंडाळलेले जड बीम उचलायचे, बॉयलरच्या धगीत दिवस काढायचा. पण चार वाजले की मला सुटी. शेठ आल्यागेल्याला सांगतो, "ये अपना रनर है." मंग आग्रा रोडनं पडघ्यापर्यंत जायचं अन् परत फिरायचं. ट्रकवाले ओळखतात आता. मुद्दाम कानाजवळ हॉर्न मारतात, मेले.

कारखान्याच्या मागं शेठनं खोली दिलीय. तुझी काकू, मी, बायको चंद्रा अन् पोरगी. नळ दारात हाय, त्यामुळं आई कुणाकडं बघेनाशी झालीय. चाळीत सगळे आमच्या खोलीला 'खेळाडूची खोली' बोलतात. आमच्या आधी तिथं नवशा होता, कबड्डीवाला. त्याचा खांदा निखळला अन् आठ दिवसांत त्याचं सामान बाहेर आलं. त्याची बायको चूल फोडून गेली रागानं. चंद्रानं नवी घातली.

डिसेंबरच्या अकरा तारखेला ठाण्याला कामगारांची स्पर्धा हाय, दहा हजार मीटर. पहिल्या तिघांत आलो तर शेठ मला पर्मनंट करणार. काळूराम मुकादमासमोर बोललाय तो. न्हाय आलो तर मी अजून बदलीच, अन् खोलीसाठी शेठनं गणेशपुरीचा एक पोरगा हेरून ठेवलाय, असं काळूराम हसत हसत बोलला. तो हसतो तेव्हा खरं बोलतो.

आता एक बारीक काम. डाव्या नडगीत कळ येते. फार न्हाय. आपली ती सांध्याची पिवळी गोळी, तुला आठवत असेल. हे वाक्य लिहायला नको होतं, पण आता लिहिलंय. इथला औषधवाला चिठ्ठीशिवाय देत न्हाय, मी पायरी चढलो की लांबूनच मान हलवतो. तुझ्याकडं तर बरण्याच्या बरण्या असतील. दहा पाठव. दहाच.

तुझा पाय कसा हाय? थंडीत दुखतो का?

तुझा,
पंढरी


भिवंडी
ता. २४ ऑक्टोबर १९७७

नामादादा,

पाकीट मिळालं. मोजून दहा. आत चिठ्ठी होती, तिच्यात ना माझं नाव ना तुझी सही, नुसता हुकूम. जेवल्यावर घेणे. दिवसाला दोन. पाच दिवसांवर घेऊ नये. शौचाला काळं, डांबरासारखं होऊ लागलं तर गोळी बंद करून ताबडतोब डॉक्टरला दाखवणे. चंद्राला मी चिठ्ठी वाचून दाखवली, शेवटची ओळ सोडून. बायकांना उगाच घोर.

तुझ्याशी खोटं कशाला बोलू, जेवल्यावर घ्यायचं जमलं न्हाय. नवरात्र होतं. आई वज्रेश्वरीला बोलून बसलीय, पोरगा पर्मनंट होऊ दे, तो तुझे नऊ दिवस कडक धरील. धरणार मी, बोलून आली ती. तू काकूला ओळखतोस, देवीशी व्यवहार करताना ती कुणाला विचारत न्हाय. मंग सकाळी गोळी अन् बिनदुधाचा चहा, रात्री गोळी अन् एक केळं. नऊ दिवस अन्नाचा कण न्हाय, अन् धावणं चालू. दोनाच्या तीन कंदी झाल्या ते कळलं न्हाय. तू हिशेब घालशील की दहा गोळ्या नऊ दिवस कशा पुरल्या. डब्यात आधीच्या थोड्या होत्या. हे मागच्या पत्रात लिहायचं राहिलं.

पण धावलो असा की विचारू नको. सातव्या माळेला पडघ्याहून येताना एका ट्रॅक्टरला मागं टाकलं. नडगी हाय की न्हाय ते कळतच न्हवतं. तुला ते माहीत हाय, कसं वाटतं ते. आपण दोघं पहाटे रोडला निघायचो अन् तू पुढं जाऊन माझ्यासाठी थांबायचास. आता पुढंही कोण न्हाय अन् मागंही.

दसऱ्यानंतर एस.टी.नं वज्रेश्वरीला गेलो सगळे. आईनं मला गरम कुंडात पाय सोडून बसवलं, दुखणं ओढून घेतं बोलली. अर्धा तास बसलो. वर आलो तर नडगी केवढी फुगलेली, बोट दाबलं की खड्डा पडायचा अन् तसाच राहायचा. आई बोलली, आतली उष्णता बाहेर पडतेय, चांगलं हाय. बाजूला रंगूबाई फुलवाली होती, तिनंही मान हलवली. दोघी म्हाताऱ्यांचं एकमत झाल्यावर मी काय बोलणार.

तू चिठ्ठीत लिहिलं होतंस म्हणून सांगतो. थोडं काळं होतं. पण ते नाचणीचं. वडप्याहून नवी नाचणी आलीय अन् रोज भाकर हाय. नाचणी खाऊन कुणाचं पिवळं झालंय ते सांग. तुझ्या डॉक्टरनं जन्मात नाचणी खाल्ली नसेल, त्याला काय कळणार.

या खेपेला तीस पाठव. सारखा तुला त्रास नको.

पंढरी


भिवंडी
ता. १५ नोव्हेंबर १९७७

नामा,

दिवाळी झाली, पाकीट न्हाय. आज आलं तर त्यात गोळी न्हाय, कागद. 'गोळ्या पाठवणार नाही. ठाण्याच्या सिव्हिलला चल, मी सोबत येतो.'

तू येणार सोबत. लंगडत येणार अन् सगळ्या दवाखान्याला दाखवणार की बघा, याच्यापायी माझं असं झालं. मी काय ओळखत न्हाय का तुला? चार वर्षं वाट बघितलीस. आता बरोबर वेळ साधलीस. माझी शर्यत चार आठवड्यांवर अन् तुझ्याकडं बरण्या भरलेल्या, अन् तू मला शहाणपणा शिकवतोस. कंपाउंडर झालास, डॉक्टर न्हाय झालास.

लंगडत हा शब्द लिहायला नको होता. दुसरा कागद न्हाय, म्हणून राहू देतो.

तुझ्या गोळ्यांवाचून माझं अडत न्हाय. काळूराम आणून देतो. शेठच्या आईला सांधे धरलेत, तिच्यासाठी मुंबईहून त्याच गोळ्या येतात. काळूराम रोज सकाळी घरी किल्ल्या आणायला जातो अन् तिच्या डब्यातून चार उचलतो. शेठला ठाऊक हाय का ते मी विचारलं न्हाय. काळूराम बोलतो, "कारखान्याचंच काम हाय रे, घाबरतोस कशाला."

म्हातारी आधी संध्याकाळी जिना उतरून ओट्यावर बसायची. आता उतरत न्हाय. वर खिडकीत असते. मी चार वाजता निघालो की हात वर करते अन् बोलते, "दौड़ बेटा, दौड़." मी खाली बघून जातो. काय करू, तिला कुठं ठाण्याला धावायचंय.

रागात लिहिलंय. पण टाकणार हाय.

पंढरी


भिवंडी
ता. ४ डिसेंबर १९७७

नामादादा,

मागच्या पत्राबद्दल मला पायातली काढून मार. इतकंच लिहितो त्याचं.

आज रविवार. आई पोरीला घेऊन देवळात गेलीय, चंद्रा माझ्याशी बोलत न्हाय, म्हणून बसलोय लिहायला. तिला तुझी पहिली चिठ्ठी सापडली. माझ्या बनियनच्या घडीत ठेवली होती, ती धुवायला काढत होती. ती चौथी शिकलीय, सावकाश वाचते, पण शेवटपर्यंत वाचते.

मला बोलली, "ही डांबराची ओळ तुम्ही का वाचली न्हाय?"

मी बोललो, "अगं, ते नाचणीचं होतं. तुझ्याच हातच्या भाकऱ्या."

तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं. मंग बोलली, "काळं कंदीपासून होतंय?"

मी बोललो, "असेल नवरात्रापासून."

"नवरात्रात तुम्ही भाकर कुठं खाल्ली?"

दादा, मी सातवी शिकलो. शेठचा रनर. अन् हे माझ्या डोक्यात आलं न्हवतं. खरं सांगू, आलं होतं. सातव्या माळेलाच आलं होतं, शेतात पाण्याचा डबा घेऊन बसलो होतो तेव्हा. मी वर माती लोटली अन् स्वतःला सांगितलं की नाचणी. दसऱ्यानंतर भाकर सुरू झाली तेव्हा इतकं हायसं वाटलं की मी एका वेळी तीन तीन खाल्ल्या.

ती बोलली, गोळी बंद. मी केली. खोटं न्हाय, दोन दिवस केली. पहिल्या दिवशी नडगी ठणकली. दुसऱ्या दिवशी मला बीम उचलेना. धावायचं सोडच, मी बॉयलरपर्यंत भिंत धरून गेलो. काळूरामनं ते बघितलं अन् तो एकटाच बघत न्हवता, मागं शेठ उभा होता.  संध्याकाळी गणेशपुरीचा तो पोरगा आला कारखान्यात, लडकू नाव त्याचं, अन् काळूरामनं त्याला आमच्या चाळीत हिंडवलं. आमच्या दारात येऊन नळ सोडून दाखवला. आई भांडी घासत होती, तिनं त्याला सरकून जागा दिली. तिला वाटलं पाव्हणा हाय.

तिसऱ्या दिवशी मी परत घेतली. सकाळी दोन, दुपारी दोन, निघताना एक.

चंद्रा बोलते, "चला वडप्याला." कुणाच्या ओटीवर जाऊ दादा? आपलं घर काकांनी वखारीला दिलं. अन् इथून बाहेर पडून दुसऱ्या साइझिंगला गेलो तरी बीम उचलायचेच, अन् नडगी तीच. धावायला गोळी लागते असं मी समजत होतो. आता उभं राहायला लागते. मी हे कुणालाच सांगितलं न्हाय, चंद्राला पण न्हाय.

जिना चढलो की डोळ्यांपुढं अंधारी येते. काल खळीच्या टाकीपाशी खाली बसलो. काळूरामनं तोंडावर पाणी मारलं अन् बोलला, "अकरा तारखेपर्यंत टिक रे बाबा, मंग खुशाल पड." तो वाईट माणूस न्हाय. त्याची पण नोकरी हाय.

सात दिवस राहिलेत. मला भीती वाटते, दादा. शर्यतीची न्हाय.

पंढरी


सिव्हिल इस्पितळ, ठाणे
ता. २० डिसेंबर १९७७

नामादादा,

पडून लिहितोय, अक्षर लावून घे.

तिसरा आलो. पहाटे पाच गोळ्या घेतल्या होत्या, वर घोटभर चहा. पंचवीस फेऱ्यांतल्या वीस कशा गेल्या ते आठवत न्हाय. पाय माझे न्हवतेच. शेवटच्या फेरीत पोटात आग उठली अन् मी त्या आगीला घाबरून पळालो, शर्यतीसाठी न्हाय. कुर्ल्याचा एक मिलवाला होता, त्याच्या वीतभर पुढं पडलो. शेठनं टेंपोत पेढे वाटले. काशेळीच्या पुलावर मला उलटी झाली, आधी चहाच्या चोथ्यासारखी अन् मंग नुसतं लाल. चंद्रानं पदर धरला तोंडाखाली. टेंपो तिथूनच वळवला.

डॉक्टर बोलले, पोटात जखम पडलीय, गोळ्यांनी खाल्लंय आतून. अन् नडगीला चीर हाय, जुनी. बोलले, यापुढं ही गोळी म्हणजे विष. धावायचं नाव न्हाय, जड उचलायचं न्हाय. त्यांनी हे इतक्या सहज सांगितलं, जसं कोण सांगतो की पुढची गाडी साडेपाचला हाय.

चंद्रानं सांगितलं तू आला होतास. दोन दिवस बाहेरच्या बाकड्यावर होतास, रक्ताची बाटली दिलीस, अन् मी डोळे उघडले असं नर्सबाईनं सांगितल्यावर काठी घेऊन उठून गेलास. आत आला न्हाईस. बरोबर केलंस. आत आला असतास तर मला हे तोंडानं सांगावं लागलं असतं, अन् ते माझ्यानं झालं नसतं.

त्र्याहत्तर सालच्या शर्यतीआधी मी तुला वडप्याच्या चिंधूबाबाकडं नेलं, हाड बघायला. तू आत पाय चोळून घेत होतास. तो मला अंगणात घेऊन गेला अन् बोलला, "हाड तडकलंय याचं. महिनाभर पाय टेकू देऊ नको, न्हायतर जन्माचा लंगडा होईल." मी आत आलो अन् तुला बोललो, नस चढलीय नुसती. चौघांचा संघ होता दादा. चौथा न्हाय तर संघच बाद, अन् तेव्हा पहिल्यांदाच शेठ माणसं निवडायला येणार होता. मी तुला दोन गोळ्या दिल्या. तू मला बोललास, "जादू हाय रे." नवव्या मैलाला तुझं हाड मोडल्याचा आवाज आला, तो मी ऐकला. मी थांबलो न्हाय. शेठनं त्या दिवशी मला निवडलं.

तू इतकी वर्षं समजतोस की मी गोळी दिली, चूक झाली. चूक न्हवती. मला ठाऊक होतं.

माफी मागत न्हाय. मागितली तर तू देशील, तू तसाच हाईस, अन् मला ते नको.

आता पुढचं ऐक, यासाठीच लिहायला बसलोय. काल काळूराम आला. पर्मनंटचा कागद घेऊन आला, शेठची सही असलेला. संत्री आणली. बोलला, "महिनाभर आराम कर, मार्चला राज्याची स्पर्धा हाय, शेठनं नाव दिलंय तुझं." मी कागद बघत होतो. माझं नाव टायपात होतं. चंद्रा कोपऱ्यात उभी होती, ती बोलली, "ते धावणार न्हाईत आता. डॉक्टर न्हाय बोललेत. कंदीच न्हाय. शेठना सांगा, खोली आम्ही सोडतो."

तिनं सोडवलं मला, दादा. एका वाक्यात. दार उघडून धरलं होतं तिनं.

अन् मी काय बोललो ठाऊक हाय? मी बोललो, "तिला काय कळतं, बाईमाणूस. काळूराम, मी धावणार." हाताला सुई, अंगात तुझं रक्त, अन् मी हे बोललो. कुणी माझ्यावर जबरदस्ती केली न्हवती. काळूराम पण जरा घाबरला. जाताना त्यानं संत्र्यांच्या पिशवीत हात घातला अन् खाली एक पुडी हाय असं खुणेनं दाखवलं. चंद्रानं ती संडासात टाकली. ती टाकत होती तेव्हा मी मोजत होतो किती होत्या. सोळा.

म्हणून तुला सांगतो. मी बरा झालो की तुला लिहीन. मी मला ओळखतो. गोड लिहीन, आईची शपथ घालीन, डॉक्टरनं परवानगी दिली असं लिहीन. पोरीच्या नावानं पण लिहीन, मला भरवसा न्हाय. ते वाचलंस तर तुझं मन पाघळेल. तू वाचूच नको. माझं पाकीट आलं की न फोडता चुलीत टाक. आता जो लिहितोय तो मी खरा हाय, पुढचा जो लिहील त्याच्यावर विश्वास ठेवू नको. दादा, मी कुणाकडं काय मागितलं असेल नसेल, हे एवढं माझं ऐक. पाकीट फोडू नको.

तुझा धाकटा,
पंढरी


भिवंडी
१९-२-७८

ती. नामादादास पंढरीचा शि. सा. नमस्कार.

आम्ही सर्व खुशाल. काकू तुझी आठवण काढते. तब्येत आता झकास, डॉक्टर पण बोलले की हळूहळू धावायला हरकत न्हाय. नडगी थोडी कुरकुरते, दहा दिवसांपुरतंच काय ते लागेल. येत्या रविवारी इगतपुरीला येतो, तुझ्या दवाखान्यातच भेटू, चंद्राला कळवू नको. तू रागावला असशील, पण मी तुला शब्द मोडायला लावत न्हाय. पाकीट फोडू नको एवढंच ठरलं होतं, म्हणून हे कार्ड टाकलंय. कार्डाला फोडावं लागत न्हाय.

पंढरी